आपली कल्पना दुसऱ्याच्या पुस्तकात आधी भेटली, तर लेखकाने काय करावे?

अर्धविराम :

गेली पावणेतीन वर्षे मी एका कादंबरीवर काम करते आहे. तिचा गाभा सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही, म्हणून तो थोडक्यात सांगते. दृष्टी गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांना रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवायला एक तरुणी येते. एका कादंबरीच्या शेवटी नायकाचा मुलगा दगावतो. या गृहस्थांचाही मुलगा गेलेला आहे हे तिला ठाऊक असते, त्यामुळे तो प्रसंग तिच्याच्याने वाचवत नाही आणि समोरच्या पानाकडे पाहत पाहत ती वेगळाच शेवट रचून सांगते. पुढे ती प्रत्येक पुस्तकात थोडाथोडा बदल करत जाते, आणि त्या गृहस्थांचा जीव ज्या पुस्तकांवर जडतो ती पुस्तके प्रत्यक्षात कुणी लिहिलेलीच नसतात.

मागच्या आठवड्यात नव्या पुस्तकांची माहिती चाळताना एका कादंबरीच्या मलपृष्ठावरचा मजकूर समोर आला. अंध व्यक्तीला पुस्तके वाचून दाखवणारी आणि त्यांचे शेवट बदलणारी स्त्री, हेच त्या कादंबरीचे सूत्र आहे. तो मजकूर मी चार वेळा वाचला आणि दर वेळी कुठे काही फरक सापडतो का ते शोधत राहिले. माझी वही त्या वेळी टेबलावर उघडीच होती. चौदाव्या प्रकरणातले एक वाक्य 'तिने पान उलटले आणि' इथे थांबले होते, आणि ते आजही तिथेच थांबलेले आहे.

चोरीचा प्रश्नच नाही, हे आधीच स्पष्ट करते. त्या लेखिकेची आणि माझी ओळख नाही आणि माझे लेखन माझ्या बहिणीखेरीज कुणीही पाहिलेले नाही. त्यामुळे राग धरावा असे कुणी समोर नाही, आणि त्यानेच हे अधिक अवघड झाले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. हे लेखन पुढे न्यावे का? आणि न्यायचे असेल तर ते पुस्तक आधी वाचावे, की आपला खर्डा पूर्ण होईपर्यंत त्याला हातही लावू नये?

निळी_शाई :

वाचून मन खिन्न झाले. 'कल्पना काय, सगळ्यांनाच सुचतात' असे सांगून तुमची समजूत काढणारे बरेच भेटतील. त्यांचे म्हणणे खोटे नसले, तरी ज्या दिवशी असे घडते त्या दिवशी ते ऐकवत नाही. पावणेतीन वर्षे माणूस एका गोष्टीसोबत राहतो, आणि 'हे जगात फक्त मलाच ठाऊक आहे' ही भावना त्याला रोज टेबलाशी आणून बसवत असते. तुमच्या हातून गेली आहे ती ही भावना. बाकी काही गेले असे मला वाटत नाही, पण जे गेले ते लहान नाही.

मुद्रितशोधक :

प्रकाशन व्यवसायात संपादनाचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगू शकतो.

पहिली गोष्ट मलपृष्ठाची. तो मजकूर बहुतेक वेळा लेखक लिहीत नाही, आम्ही लिहितो, आणि लिहिताना पुस्तकातले जे दोन वाक्यांत सांगता येते तेवढेच उचलतो. म्हणजे दुसऱ्या पुस्तकाशी जुळू शकेल असा पुस्तकातला सर्वांत मोठा भाग नेमका मलपृष्ठावर येऊन बसतो. जे सांगता येत नाही, म्हणजे निवेदनाचा सूर, प्रसंगांची लांबी, कुठे थांबायचे याची जाण, ते सगळे आतच राहते. मलपृष्ठावरून दोन पुस्तकांची तुलना करणे म्हणजे दोन माणसांचे सांगाडे शेजारी ठेवून ती एकच आहेत असे ठरवणे होय.

दुसरी गोष्ट कमी सुखाची आहे. ज्या प्रकाशकाने नुकतीच अशी कादंबरी काढली असेल, तो लगेच दुसरी काढणार नाही. इतर प्रकाशकही विचारतील. म्हणून हस्तलिखितासोबतच्या पत्रात त्या पुस्तकाचा उल्लेख तुम्ही आपणहून करावा. संपादकाला तो योगायोग स्वतः शोधावा लागला, तर त्याच्या मनात नसलेली शंकाही तयार होते.

आता वाचण्याबद्दल. माझे मत ठाम आहे : पहिला खर्डा हातावेगळा होईपर्यंत ते पुस्तक वाचू नका. एका लेखकाचे हस्तलिखित माझ्याकडे आले होते, तेव्हा ते चांगले होते. अंथरुणाला खिळलेल्या आईचे केस मुलगी विंचरते आहे, गुंता सोडवताना आईला लागू नये म्हणून तिने केसांची मुळे दुसऱ्या हाताने घट्ट धरली आहेत, असे एक दीड पानांचे दृश्य त्यात होते, आणि सबंध पुस्तक त्या दृश्यावर उभे होते. पुढे त्या लेखकाच्या वाचनात आजारी आई आणि मुलगी यांच्यावरची दुसरी एक कादंबरी आली. सहा महिन्यांनी त्याने सुधारित हस्तलिखित पाठवले. आईच्या जागी मावशी आली होती, शिक्षिका असलेली मुलगी परिचारिका झाली होती, कथन उलट्या क्रमाने लावले होते आणि केस विंचरण्याचे दृश्य काढून टाकले होते. त्या दुसऱ्या पुस्तकात असे दृश्य नव्हतेच. फक्त तिथेही आई होती, एवढ्या धास्तीने त्याने आपले सर्वांत चांगले पान फाडले होते.

संथ_वाचक :

या विषयावरचे सर्वांत नेमके उदाहरण २००४ सालचे आहे आणि ते इथे सविस्तर सांगण्याजोगे आहे. हेन्री जेम्स या कादंबरीकाराच्या आयुष्यावर त्या एका वर्षात दोन मातब्बर लेखकांच्या कादंबऱ्या आल्या. कोल्म टोबीन यांची 'द मास्टर' आधी आली आणि डेव्हिड लॉज यांची 'ऑथर, ऑथर' काही महिन्यांनी. दोघांनीही स्वतंत्रपणे काम केले होते. टोबीन यांचे पुस्तक बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत गेले, लॉज यांचे गेले नाही, आणि पुरस्कार मिळाला तो ॲलन हॉलिंगहर्स्ट यांच्या 'द लाइन ऑफ ब्यूटी'ला, जिच्या नायकाचा अभ्यासविषय पुन्हा हेन्री जेम्सच आहे. लॉज यांना हे सारे इतके लागले की त्यावर त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला आणि २००६ साली तो पुस्तकात घेतला.

यातला माझ्या दृष्टीने मोलाचा भाग पुढेच आहे. ५ जानेवारी १८९५ च्या रात्री जेम्सचे नाटक लंडनच्या रंगभूमीवर पडले आणि प्रेक्षकांनी लेखकाची हुर्यो उडवली. ही रात्र दोन्ही कादंबऱ्यांत आहे. टोबीन यांची कादंबरी त्या पराभवाच्या सुमारास सुरू होते आणि तो पचवणारा, त्यातून हळूहळू सावरणारा माणूस दाखवते. लॉज यांची कादंबरी त्या रात्रीकडे चढत जाते आणि तिथे तिचा उत्कर्षबिंदू येतो. घटना, माणूस आणि तारीख तीच, पण एकाची सुरुवात ती दुसऱ्याची परिसीमा. दोन्ही पुस्तके वाचलेला मी एक वाचक आहे, आणि एकामुळे दुसरे निरर्थक झाले असे मला कधीही वाटले नाही.

मराठी वाचकाला तर हे मुद्दाम सांगायलाही नको. कर्णावर शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि तिने वाचकांवर गारूड केले. कर्णाचा विषय आता संपला, असे त्या वेळी कुणी म्हटले असते तर ते पटण्यासारखे होते. तरीही रणजित देसाईंनी १९७३ साली 'राधेय' दिली आणि ती आजही वाचली जाते. अर्थात महाभारत सर्वांच्या मालकीचे आहे आणि अर्धविराम यांची कल्पना त्यांची स्वतःची आहे, हा फरक मला दिसतो. पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर तो फरक वाटतो तितका मोठा नाही.

पायवाट :

मी थोडे विरुद्ध बोलणार आहे, कारण इथे सगळेच 'लिहीत राहा' म्हणत आहेत आणि तो सल्ला प्रत्येक पुस्तकाला लागू पडत नाही.

मी रहस्यकथा लिहिते. एका कथेवर मी वर्षभर काम केले होते. बंद खोलीतल्या खुनाचा तिच्यातला उलगडा एका विशिष्ट युक्तीवर अवलंबून होता. तीच युक्ती एका प्रसिद्ध झालेल्या कथेत मला सापडली आणि मी माझी कथा बाजूला ठेवली. तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते, कारण त्या कथेत उलगड्यापलीकडे काही नव्हते. पात्रे त्या युक्तीला उभे राहता यावे एवढ्यासाठीच होती. युक्ती दुसऱ्याची ठरल्यावर माझ्याकडे रिकामी खोली तेवढी उरली.

म्हणून अर्धविराम यांनी एक करून पाहावे. ज्याने हस्तलिखित वाचलेले नाही अशा विश्वासातल्या माणसाला कादंबरीचा शेवट आधीच सांगून टाकावा आणि मग पहिली दोन प्रकरणे वाचायला द्यावीत. शेवट माहीत असूनही तो तिसरे प्रकरण मागत असेल, तर कादंबरी कल्पनेच्या नावीन्यावर जगत नाही असे समजावे. मागत नसेल, तर तेही आजच कळलेले बरे.

दस्तऐवज :

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण 'उद्या लोक मलाच चोर म्हणतील' ही धास्ती अशा वेळी प्रत्येकाच्या मनात असते.

कल्पनेवर कुणाचीही मालकी नसते, तिच्या अभिव्यक्तीवर असते. बौद्धिक संपदेविषयीच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करारात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे. आपल्याकडचा मार्गदर्शक निवाडा म्हणजे १९७८ सालचे आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स हे प्रकरण. 'हम हिंदुस्तानी' या आपल्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा १९५६ सालचा चित्रपट उचलला आहे, असे नाटककाराचे म्हणणे होते. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता, वेगवेगळ्या प्रांतांतली कुटुंबे होती आणि त्यांच्या मुलांचे प्रेम होते. सर्वोच्च न्यायालयाने दावा मान्य केला नाही. कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक घटना यांवर हक्क सांगता येत नाही, आणि दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाचे 'ही त्या पहिलीची नक्कल आहे' असे निःसंदिग्ध मत होते का, ही कसोटी न्यायालयाने पुढे ठेवली.

दुसरा मुद्दा असा की स्वतंत्रपणे निर्माण झालेली कृती ही नक्कल ठरत नाही, दोन्हींत साम्य असले तरीही. इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याचा धागा जुळतो. नक्कल झाली की नाही हे पाहताना नंतरच्या लेखकाला आधीची कृती उपलब्ध होती का, हेही पाहिले जाते. म्हणून ते पुस्तक उघडण्यापूर्वी आपला आजवरचा खर्डा तारखेसह जपून ठेवा. वह्या फेकू नका. संगणकावरच्या जुन्या प्रती पुसू नका. स्वतःलाच टपालाने पाकीट पाठवण्याचा उपाय अनेक जण सांगतात, पण खाडाखोड असलेली वही त्यापेक्षा अधिक बोलकी असते, कारण कल्पना कशी वाढत गेली ते तिच्यात दिसते.

निळी_शाई :

मुद्रितशोधक, आपल्या अनुभवाचा आदर राखूनही 'वाचू नका' हे मला मान्य होत नाही. न वाचलेले पुस्तक शांत बसत नाही. अर्धविराम आता प्रत्येक वाक्य लिहिताना 'हेही तिथे असेल का' असा विचार करतील, आणि ज्या पुस्तकाशी त्या झगडतील ते त्यांनी मनात रचलेले, एकही उणीव नसलेले पुस्तक असेल. खऱ्या पुस्तकाला उणिवा असतात, सपाट पाने असतात, त्याच्या लेखिकेला काही गोष्टी दिसलेल्या नसतात. माझ्या मते त्यांनी ते एका बैठकीत वाचून टाकावे.

मुद्रितशोधक :

आपला मुद्दा मी नाकारत नाही. मी पाहिलेल्या लेखकांपैकी बहुतेकांचे नुकसान वाचल्याने झाले, यावरून मी बोललो. पण न वाचता ज्यांनी लेखन सोडून दिले, त्यांची हस्तलिखिते माझ्यापर्यंत पोहोचलीच नसणार, हेही खरे आहे.

जुनी_वही :

लेखन सोडून देणाऱ्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. यानोश बोल्याई या हंगेरियन गणितज्ञाची हकिकत मला फार अस्वस्थ करते. समांतर रेषांच्या गृहीतकाविना उभी राहणारी भूमिती त्याने तरुणपणी रचली आणि ती वडिलांच्या ग्रंथाला जोडलेले परिशिष्ट म्हणून १८३२ साली लोकांसमोर आली. वडिलांनी ती आपले मित्र, विख्यात गणितज्ञ गाउस यांच्याकडे पाठवली. या कामाची स्तुती करणे म्हणजे स्वतःचीच स्तुती करणे होईल, कारण हे सारे आपल्याला पूर्वीच सुचले होते, अशा आशयाचे उत्तर गाउस यांच्याकडून आले. पुढे लोबाचेव्हस्की या रशियन गणितज्ञाने तेच १८२९ पासून प्रसिद्ध केल्याचेही कळले. त्यानंतर बोल्याईने हयातीत जवळजवळ काही प्रसिद्ध केले नाही, आणि मागे हजारो पानांची हस्तलिखिते उरली. त्याचे काम कुणी हिरावले नव्हते, ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याची उरलेली पाने मात्र लोकांपुढे आली नाहीत.

याच्या शेजारी डार्विनला ठेवावे. निसर्गनिवडीची कल्पना त्याने १८४४ सालीच एका दीर्घ टिपणात मांडून ठेवली होती आणि मित्राने प्रसिद्धीचा आग्रह धरूनही तो थांबला होता. जून १८५८ मध्ये वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचे पत्र आले आणि त्यात तीच कल्पना होती. आपली सारी मौलिकता धुळीस मिळाली अशी त्याची भावना झाली. १ जुलैला दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत एकत्र वाचले गेले आणि पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, त्याचा ग्रंथ बाहेर आला. वर्षानुवर्षे रेंगाळलेला ग्रंथ त्या धक्क्याने सव्वा वर्षात पूर्ण झाला. वॉलेसने पुढे १८८९ साली या विषयावर लिहिलेल्या आपल्या पुस्तकाचे नाव 'डार्विनिझम' असे ठेवले. हा मनाचा मोठेपणा मला दर वेळी नव्याने जाणवतो.

आता कथालेखनातले उदाहरण. पृथ्वीपासून अवकाशापर्यंत जाणाऱ्या उद्वाहकावर, म्हणजे लिफ्टवर, १९७९ साली दोन कादंबऱ्या आल्या, आर्थर सी. क्लार्क यांची आणि चार्ल्स शेफिल्ड यांची. दोन्हींचे नायक पूल बांधणारे अभियंते आहेत आणि दोन्हींत 'स्पायडर' नावाचे यंत्र आहे. हा निव्वळ योगायोग आहे, असे क्लार्क यांनी खुले पत्र लिहून स्वतःच जाहीर केले, त्यामुळे कनिष्ठ लेखकावरचे बालंट टळले. मूळ कल्पना दोघांचीही नव्हती. युरी आर्त्सुतानोव या रशियन अभियंत्याने ती १९६० सालीच मांडलेली होती. पण नीट विचार केला तर ही साम्ये अटळ वाटतात. असा उद्वाहक बांधायला पुलांचे काम जाणणाराच माणूस लागेल, आणि तारेवरून सरपटत जाणाऱ्या यंत्राला कोळ्याचेच नाव सुचेल. एकाच परिस्थितीचा दोघांनी प्रामाणिकपणे विचार केला की काही पायऱ्या सारख्याच लागतात.

अर्धविराम :

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांची मनापासून आभारी आहे.

दस्तऐवज यांच्या सांगण्याप्रमाणे आधी सर्व वह्यांची छायाचित्रे काढून ठेवली. पायवाट यांनी सांगितलेला प्रयोग एका मैत्रिणीवर केला. शेवट सांगून टाकल्यावरही तिने तिसरे प्रकरण मागितले, आणि दुसऱ्या दिवशी चौथेही. ते पुस्तक वाचायचे की नाही यावर मात्र मी बरेच दिवस अडले. शेवटी बहिणीला ते वाचायला दिले आणि काय आहे ते मला सांग म्हटले. तिने सांगितले की ते अगदी वेगळे आहे, तू काळजी करू नकोस. ती हे सांगत असताना माझ्या मनात आले की माझ्या कादंबरीतली तरुणी करते तेच ही करत नसेल कशावरून? मला लागू नये म्हणून ती पुस्तक बदलून सांगत असेल, तर मला ते कसे कळणार? त्या रात्री मी पुस्तक घेतले आणि पहाटेपर्यंत वाचून संपवले.

बहिणीने बहुतांशी खरे सांगितले होते. तिथे ऐकणारी एक धनाढ्य वृद्धा आहे, वाचणाऱ्या स्त्रीचा तिच्या मृत्युपत्रावर डोळा आहे आणि बदललेले शेवट हे त्या वृद्धेचे मन वळवण्याचे साधन आहे. ती फसवणुकीची गोष्ट आहे आणि चांगली लिहिलेली आहे. काही ठिकाणी मला असूया वाटली, ती मी लपवत नाही.

परंतु एक प्रसंग बहिणीने मला सांगितला नव्हता. वाचन चालू असताना ती वृद्धा मध्येच हात पुढे करते आणि न वाचलेल्या पानांची जाडी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून पाहते, पुस्तक किती उरले आहे ते कळावे म्हणून. माझ्या नवव्या प्रकरणात माझे आजोबा अगदी हेच करतात. तो प्रसंग मला पहिल्या वर्षी सुचला होता आणि मी त्याला फार जपले होते. त्या पानावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. तो प्रसंग ठेवू की काढू, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जुनी_वही :

काढू नका. जो कान देऊन पुस्तक ऐकतो आणि ज्याला पान दिसत नाही, तो कधीतरी हाताने पुस्तकाची जाडी चाचपणारच. तुम्ही दोघी त्या माणसाच्या इतक्या जवळ गेलात म्हणून तो हात दोघींनाही दिसला.

मुद्रितशोधक :

मीही तेच म्हणेन. केस विंचरण्याचे पान मी वाचवू शकलो नाही, म्हणून हे जरा आग्रहाने सांगतो. फक्त एक विचारतो : आपल्या कादंबरीत आजोबा पानांची जाडी पाहतात, तेव्हा त्या तरुणीच्या मनात काय येते?

अर्धविराम :

तिला भीती वाटते. पुस्तकात अजून चाळीस पाने शिल्लक असतात आणि तिने रचलेला शेवट तर सांगून झालेला असतो. उरलेली चाळीस पाने तिला त्याच क्षणी तोंडाने रचावी लागतात. त्या दुसऱ्या पुस्तकात हे नाही, तिथे वृद्धा पाने मोजते आणि प्रसंग पुढे सरकतो.

हे तुम्हाला लिहिताना चौदाव्या प्रकरणातले अडलेले वाक्य पुरे झाले. 'तिने पान उलटले आणि त्यावरचा मजकूर न वाचता ती बोलू लागली.' पंधरावे प्रकरण काल सुरू केले आहे. पत्रात त्या पुस्तकाचा उल्लेख कुठे करावा, सुरुवातीला की शेवटी?

मुद्रितशोधक :

दुसऱ्या परिच्छेदात, कादंबरीचा गोषवारा सांगून झाल्यावर. पुस्तकाचे आणि लेखिकेचे पूर्ण नाव द्या, ते आपण केव्हा वाचले ते लिहा, आणि त्या चाळीस पानांबद्दल आत्ता इथे जे लिहिलेत ते तसेच तिथे उतरवा.